‘उपेक्षा’ या शब्दाचा अर्थ

आमच्या घराच्या मधोमध एक दार आहे. वडिलांच्या पश्चात् माझी व धाकट्या बंधूची वांटणी झाली, तेव्हां माजघरांत भिंत घातली गेली आणि येण्याजाण्यास असावें म्हणून त्या भिंतींत हें दार ठेवण्यांत आलें. ठेवलें खरें, परंतु परसांतल्या आंब्यावरून आम्हां दोघांत बोलाचाली झाली, आणि तेव्हांपासून अकरा वर्षें त्या दाराची कडी कोणी काढली नाहीं. बायकामुलें पुढच्या अंगणांतून जात-येत, हळदीकुंकवाला, बारशाला एकमेकांकडे बसत. अबोला काय तो आम्हां दोघां भावांचा. रोज पहांटे पांचाच्या सुमारास पलीकडे त्याचा नळ सुटे, बादलींत पाणी पडल्याचा आवाज भिंतींतून माझ्या खोलींत येई, आणि संध्येच्या आसनावर बसलेला असूनहि माझ्या कपाळाची शीर ताठ होई. कोणीं अबोल्याविषयीं विचारलेंच, तर मी मोठ्या शांतपणें सांगत असें, "माझें त्याच्याशीं मुळींच वैर नाहीं. मी फक्त त्याची उपेक्षा करतों. आणि हें शास्त्राला धरून आहे."

शास्त्र कोणतें, तेंहि सांगतों. योगसूत्रांच्या समाधिपादांत तेहतिसावें सूत्र आहे. सुखी माणसाविषयीं मैत्री, दुःखी माणसाविषयीं करुणा, पुण्यवानाविषयीं मुदिता व अपुण्यवानाविषयीं उपेक्षा, अशा चार भावना त्यांत चित्तप्रसादासाठीं सांगितल्या आहेत. पाठशाळेंत असतांना तें मीं मुखोद्गत केलें होतें, आणि पुढें पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना कित्येक मुलांना समजावूनहि दिलें होतें. आंब्याच्या प्रकरणांत अपुण्यवान कोण, हें अर्थातच मीं आपल्यापुरतें ठरवून टाकलें होतें. तेव्हां चारांतली शेवटची भावना बंधूच्या वांट्याला आली.

वाचक म्हणतील, बौद्धांच्या ध्यानावर लिहावयास बसलेल्या मास्तरानें हें घरचें रडगाणें कां लावलें? त्यास कारण एवढेंच कीं, त्या ध्यानाविषयीं मला जें कांहीं थोडेंबहुत समजलें, तें त्या बंद दारापाशींच समजलें.

या वाटेला मी लागलों तो धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ या आत्मवृत्तामुळें. सेवानिवृत्तीनंतर वेळ पुष्कळ होता आणि डोळे अजून शाबूत होते. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ मध्यें एका सारस्वत कुटुंबांत कोसंबींचा जन्म झाला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. घरीं नारळीच्या बागांची देखरेख. आणि मनांत एकच ध्यास कीं, बुद्धाचा धर्म काय आहे तें मुळांतून कळलें पाहिजे. १८९९ च्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. आधीं पुणें, मग काशी, नेपाळ, आणि १९०२ मध्यें सिंहलद्वीप. तेथें ते श्रामणेर झाले. पुढें ब्रह्मदेशांतहि राहिले. हार्वर्ड विद्यापीठासाठीं ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीवर त्यांनीं काम केलें, फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविली, आणि मराठींत ‘समाधिमार्ग’ व ‘भगवान बुद्ध’ यांसारखीं पुस्तकें लिहिलीं. १९४७ मध्यें सेवाग्राम येथें त्यांचा अंत झाला. निवेदन वाचून मी भारावून गेलों. माझ्या पत्नीनेंहि तें वाचलें व पुस्तक मिटून म्हटलें, "बायको आणि तान्ही मुलगी घरीं ठेवून गेले, हें त्यांनीं निदान लपविलें नाहीं." तिचें म्हणणें मला खोडतां आलें नाहीं.

मग मी पाली वाचूं लागलों. संस्कृत शिकलेल्या माणसाला येथें एक भ्रम होतो, तो मलाहि झाला. धर्माचा धम्म, कर्माचें कम्म, मार्गाचा मग्ग. म्हणजे ही आपलीच भाषा, जोडाक्षरें जरा सैल केलेली! परंतु अनोळखी शब्दांनीं मला जितकें अडविलें नाहीं, तितकें ओळखीच्या शब्दांनीं फसविलें. ‘वेदना’ हाच शब्द घ्या. मराठींत वेदना म्हणजे दुखणें. पालींत वेदना म्हणजे होणारा अनुभव, मग तो सुखद असो, दुःखद असो, कीं दोन्ही नव्हे असा असो. उन्हांतून आल्यावर कपाळाला चंदन लावलें असतां जी वाटते ती गारहि वेदनाच. बुद्धानें दुःखाच्या उत्पत्तीची जी बारा दुव्यांची सांखळी सांगितली, तींत स्पर्शापासून वेदना आणि वेदनेपासून तृष्णा, असा क्रम आहे. कान आहेत तोंवर आवाज येणार, आणि आवाज आला कीं अंगांत कांहीं तरी होणार. तेथें आपला इलाज नाहीं. पण त्या होण्यापासून ‘हें मला हवें’ किंवा ‘हें मला नको’ येथवर मन जी उडी मारतें, तिच्या आधीं थांबतां येतें. सारी साधना या एका सांध्यावर आहे. हें वाचून मीं समासांत तांबडी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशीं पहांटे पलीकडे नळ सुटला आणि कपाळाची शीर नेहमीप्रमाणें ताठ झाली. रेघेचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

तेव्हां कोणाकडे तरी बसून शिकल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें ठरवून २०१८ सालच्या जानेवारींत मी इगतपुरीस गेलों. तेथील धम्मगिरि केंद्र १९७६ पासून चालू आहे. त्याचे संस्थापक सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ मध्यें ब्रह्मदेशांतील मंडाले येथें, एका मारवाडी व्यापारी घराण्यांत झाला. अर्धशिशीनें ते इतके गांजले होते कीं, मॉर्फिनचीं इंजेक्शनें घ्यावीं लागत. परदेशच्या डॉक्टरांचेहि उपाय थकले. १९५५ मध्यें ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन संन्यासी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल होते व कचेरीचें काम सांभाळून ध्यान शिकवीत. डोकेदुखी घालविण्यासाठीं आला असाल तर धर्माची किंमत कमी करतां आहां, असें सांगून त्यांनीं गोयंकांना आधीं परतच लाविलें होतें. ऊ बा खिन यांचे गुरु सया थेटजी हे शेतकरी, आणि त्यांचे मार्गदर्शक लेडी सयाडो हे मात्र भिक्षु. म्हणजे शेती, हिशेब आणि व्यापार करणाऱ्या तीन संसारी माणसांच्या हातांतून ही पद्धति आपल्यापर्यंत आली. १९६९ मध्यें गोयंका भारतांत आले आणि त्याच वर्षीं मुंबईस त्यांनीं पहिलें शिबिर घेतलें. २०१३ मध्यें ते निवर्तले; तथापि शिबिरांत आजहि त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजांत सूचना व सायंकाळचें प्रवचन ऐकवितात. ब्रह्मदेशांत दुसऱ्याहि परंपरा आहेत. महासी सयाडो यांच्या पद्धतींत पोटाच्या हालचालीकडे लक्ष ठेवतात. मीं जी शिकलों तिच्यापुरतेंच मी लिहितों.

शिबिर दहा दिवसांचें. शुल्क नाहीं, शिबिर पुरें केल्यावर इच्छा असेल त्यानें पुढच्यांसाठीं दान द्यावें. आरंभीं पंचशील घ्यावयाचें, नंतर मौन. पुस्तक, लेखणी, फोन सर्व जमा. आणि तेवढ्या काळापुरता जप, माळ, पूजा, उपास, हेंहि बाजूला ठेवावयाचें. ही शेवटची अट वाचून दोन रात्री मला झोंप आली नाहीं. मुंज झाल्यापासून न चुकलेली संध्या दहा दिवस सोडावयाची! पत्नीजवळ बोललों, तर ती म्हणाली, "हर्नियाचें ऑपरेशन झालें तेव्हां इस्पितळांत कोठें केली होतीत?" मी निघालों.

पहांटे चाराला घंटा होते. साडेचारापासून रात्रीं नऊपर्यंत बसणें, मध्यें सकाळची न्याहारी, अकराला जेवण, पांचाला नव्या माणसांस चहा व थोडें खाणें. पहिले साडेतीन दिवस एकच काम: नाकपुड्यांपाशीं येणारा-जाणारा श्वास जाणावयाचा. यालाच आनापान म्हणतात. मला वाटलें, हें तर आपलेंच प्राणायामाचें क्षेत्र. आणि सवयीनें पूरक, कुंभक, रेचक सुरू केले. सहायक आचार्यांनीं सांगितलें कीं, श्वास लांबवूं नका, रोखूं नका, मोजूं नका. जसा आहे तसा पाहा. वाचकहो, जन्मभर मुलांना ‘नीट बस, नीट म्हण’ असें सांगत आलेल्या माणसाला कशालाहि न सुधारतां नुसतें पाहणें किती जड जातें, याची कल्पना यावयाची नाहीं! तीन श्वास झाले कीं मन चौथ्याला शाळेच्या पटांगणांत, पांचव्याला आंब्याखालीं.

चौथ्या दिवशीं दुपारीं विपश्यना देतात. डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवावरून मन फिरवावयाचें, तेथें जी वेदना असेल, म्हणजे ऊन, गार, खाज, जडपणा, मुंग्या, ती जाणावयाची, आणि ती बदलते आहे हें पाहत राहावयाचें. त्यानंतर दिवसांतून तीन वेळां एक एक तास हात, पाय व डोळे न हलवितां बसण्याचें अधिष्ठान. गुडघे अक्षरशः पेटतात. संयुत्तनिकायांत बुद्धानें दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो, आणि त्या दुखण्यावर तो चडफडतो, शोक करतो, हा दुसरा बाण तो स्वतःला मारून घेतो. ज्ञान्यालाहि पहिला लागतोच. दुसरा लागत नाहीं. मला गुडघ्याच्या बाबतींत हें सहाव्या दिवशीं क्षणभर दिसलें. दुखणें होतें, पण त्याच्यावरची चडफड सुटली होती, आणि नुसतें दुखणें हें मला वाटत होतें त्याच्या निम्मेंहि नव्हतें.

मात्र खरी गोष्ट घडली ती बैठकींत नव्हे. सातव्या दिवशीं घंटेच्या सुमारास अंथरुणावर उठून बसलों होतों. थंडी सपाटून पडली होती, घाटांतून गाडी वर चढल्याचा आवाज दूर येत होता. इतक्यांत शेजारच्या खोलींतल्या गृहस्थांनीं नळ सोडला आणि रिकाम्या बादलींत पाणी पडूं लागलें. माझ्या कपाळाची शीर ताठ झाली. जबडा आवळला. छातीखालीं ऊन कांहीं तरी वर सरकलें. मी चकित होऊन पाहत राहिलों, कारण माझा बंधू तेथून शेंकडों मैलांवर आपल्या घरीं निजलेला होता. ही शीर, हा जबडा, ही ऊब, सगळें मीं अकरा वर्षें त्याच्या खात्यावर लिहीत आलों होतों. ज्याला मी उपेक्षा म्हणत होतों, ती ही अशी होती. पाणी भरून झालें, नळ बंद झाला, तरी ती ऊब कांहीं वेळ तशीच होती. मग हळूहळू उतरली. उतरतांना मीं तिला प्रथमच पाहिलें.

दहाव्या दिवशीं मौन सुटतें. माझ्या शेजारच्या आसनावर मराठवाड्यांतील एक सद्गृहस्थ होते, एस. टी. मधून निवृत्त झालेले. गुडघ्याखालीं घोंगडी कशी दुमडून घ्यावी, हें त्यांनींच मला खुणेनें दाखविलें होतें. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं नागपूरास लक्षावधि लोकांसह धम्माचा स्वीकार केला, त्यांत त्यांचे आजोबा होते. "घरांत बुद्धाची तसबीर होती, त्रिशरण पाठ होतें," ते म्हणाले, "पण बसायला इथंच शिकलों." मीं पस्तीस वर्षें वर्गांत, बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, एवढें एक वाक्य सांगून पुढच्या धड्याकडे वळत आलों होतों, आणि समोरच्या बांकांवर त्यांच्यासारख्यांचीं मुलें बसलेलीं असत. तें मीं त्यांना सांगून टाकलें. ते म्हणाले, "माझ्या पोराचे मास्तरपण तेंच सांगायचे, गुरुजी." मग आम्ही दोघे न बोलतां चहा प्यालों.

त्या दिवशीं मैत्रीभावनाहि शिकवितात: सर्वांचें भलें होवो, असें चिंतावयाचें. बंधूचें नांव मीं मनांत घेतलें. शब्द निघाले, छाती घट्टच राहिली. घरीं परतल्यावर ‘विसुद्धिमग्ग’ उघडला. हा ग्रंथ पांचव्या शतकांत बुद्धघोषाचार्यांनीं सिंहलद्वीपांत अनुराधपुर येथें रचिला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चारांचें त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे, आणि प्रत्येक भावनेचे दोन दोन शत्रू सांगितले आहेत. एक दूरचा व एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, हा सहज ओळखूं येतो; जवळचा शत्रू आसक्ति, कारण ती मैत्रीसारखीच दिसते. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि लोभ. आणि जवळचा? अज्ञानांतून आलेली बेपर्वाई, जिला ग्रंथकारानें अज्ञान-उपेक्षा म्हटलें आहे. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. एकीचें मन सर्वांकडे सारखें पाहतें, दुसरी पाहतच नाहीं. मराठीनें ‘उपेक्षा’ शब्दाला दुसरीचाच अर्थ कायमचा देऊन टाकला आहे, आणि मी संस्कृतचा शिक्षक असून मराठी अर्थ जगत होतों. माझ्यापाशीं तर ती दुसरीहि शुद्ध स्वरूपांत नव्हती. तिच्या पदराखालीं दूरचा शत्रूहि बसलेला होता.

त्याच प्रकरणांत, ज्याच्यावरचा राग जातच नाहीं त्याच्याविषयीं काय करावें, याचे उपाय क्रमानें दिले आहेत. त्याचे चांगले गुण आठवावे. रागानें आधीं आपणच जळतों हें पाहावें. त्याच्या देहाचीं केंस, नखें, दांत अशीं पृथक् अंगें करून, यांतल्या नेमक्या कशावर आपण रागावलों आहों, असें स्वतःस विचारावें. (हा प्रयोग मीं केला. बंधूच्या केंसांवर माझा राग नव्हता, कारण ते आतां उरलेलेच नाहींत.) यांतल्या कशानेंच साधलें नाहीं, तर शेवटचा उपाय असा कीं, त्याला आपली वस्तु द्यावी. चित्तलपर्वत विहारांतील एका पिंडपातिक भिक्षूची कथा तेथें आहे. एका ज्येष्ठ स्थविरानें त्याला तीनदां राहत्या जागेवरून उठविलें होतें. त्यानें त्या स्थविराला आपलें आठ कार्षापणांचें पात्र नेऊन दिलें. हें माझ्या उपासिका आईनें दिलेलें आहे, तिला पुण्य लाभूं द्यावें, एवढेंच म्हणाला.

आंब्याचें निमित्त होतें, हें आतां सांगावयास हरकत नाहीं. वांटणीच्या वेळीं वडिलांच्या हातची रुद्राची पोथी मीं ठेवून घेतली होती. मी थोरला आणि संस्कृत शिकलेला, तेव्हां ती माझीच, असें मीं धरून चाललों. बंधूनें एकदांच मागितली होती. तो म्हणाला होता, "अण्णा, तुला त्यांतले मंत्र हवेत, मला नुसतें बाबांचें अक्षर हवें आहे." मीं हंसण्यावारी नेलें. आंब्याची तक्रार त्यानंतर दोन महिन्यांनीं निघाली.

शिबिराहून आल्यावर तीन आठवडे मीं पोथी नेऊन देण्याचें पुढें ढकललें. अखेर एका रविवारीं दाराची कडी काढावयास गेलों, तर ती गंजून बसलेली. खोबरेल घालून, ठोकून ती सैल करण्यांत अर्धा तास गेला, आणि पलीकडे कोणी तरी ठोकतें आहे हें ऐकून बंधू दारापाशीं येऊन उभा राहिला होता. मीं पोथी पुढें केली. त्यानें पहिलें पान उघडलें, थोडा वेळ पाहिलें. "खालचा कांठ कसरीनें खाल्ला आहे," म्हणाला, आणि आंत गेला. दार मात्र त्यानें लावून घेतलें नाहीं. पुढें पंधरा दिवस कांहीं नाहीं. मग एके दिवशीं अंगणांतून, माझ्याकडे न पाहतां, "आंबे उतरायला माणूस सांगितला आहे," एवढें बोलला.

आतां नित्याच्या आचरणाविषयीं. सकाळ-संध्याकाळ एक एक तास बसावें असें सांगतात. मला सकाळचा पाऊण तास जमतो, संध्याकाळीं बहुधा डुलकी लागते. पहांटेची संध्या पुन्हां सुरू केली आहे. आसनावर आधीं ती, मग हें. बैठकीपेक्षां मला उपयोग होतो तो मधल्यामध्यें. सून ताटांत आमटी वाढून ‘मीठ कमी आहे कां?’ विचारते, नातू तिसऱ्यांदा तेंच गणित चुकतो, वाण्याच्या बिलांत चूक निघते. अशा वेळीं बोलण्याआधीं एक श्वास नाकापाशीं जाणावयाचा आणि जबडा आवळला आहे कां तें पाहावयाचें. दहांतून चारदां आठवण राहते. ज्यांना मनाचा मोठा आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून अशा शिबिरास जाऊं नये. केंद्रांतहि अर्ज भरतांना ही चौकशी करतातच.

दीघनिकायांतील सिगालाचें सूत्रहि मी घरांत वाचून दाखविलें. राजगृहाजवळ सिगाल नांवाचा गृहस्थपुत्र, बापाची अखेरची आज्ञा म्हणून, ओलेत्यानें सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धानें त्याला सांगितलें कीं, पूर्व दिशा म्हणजे मातापितर, दक्षिण गुरु, पश्चिम बायकामुलें, उत्तर मित्र, खालची दिशा नोकरचाकर, वरची श्रमण-ब्राह्मण. आणि प्रत्येकीशीं वागण्याचीं कर्तव्यें सांगितलीं. पतीनें पत्नीचा मान राखावा, तिला हलकें लेखूं नये, घरचा कारभार तिच्या हातीं द्यावा. नोकरांना शक्तीप्रमाणें काम, वेळेवर अन्न व वेतन, आजारांत शुश्रूषा, गोडधोड केलें तर त्यांतला वांटा, आणि रजा. रजेचा शब्द आला तशी पत्नीनें मान वर केली. आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईंनीं महिन्यांतून दोन दिवस सुटी मागितली होती, आणि मी पंधरा दिवस ‘बघूं’ म्हणत होतों. "हें बुद्धानें येऊन सांगेपर्यंत थांबायचें होतें वाटतें," ती म्हणाली. बाईंना सुटी मिळाली.

राग गेला असें मात्र कोणीं समजूं नये. पलीकडचा नळ अजून पांचालाच सुटतो, आणि शीर अजून ताठ होते. ती झाल्याचें कळतें, आणि बहुधा दुसऱ्या बादलीपर्यंत उतरते. गेल्या मंगळवारीं पांच वाजून गेले, सव्वापांच झाले, तरी आवाज आला नाहीं. मी आसनावरून उठलों आणि मधल्या दारावर थाप मारली. बऱ्याच वेळानें आंतून आवाज आला, "काय रे अण्णा? डोळा लागला होता जरा."

"कांहीं नाहीं," मी म्हटलें, "पाणी जाईल म्हणून."